पाव सुताची पकड

घटातलं धान वीतभर वर आलं, की नगरजवळच्या नागापूरच्या रस्त्यांवर झेंडू दिसायला लागतो. एरवी या भागात फूल नावाची वस्तू नजरेला पडत नाही. पडतात ते टेम्पो, पत्र्याच्या शेड, चहाच्या टपऱ्या आणि सकाळचा भोंगा गाठायला पळणारी माणसं. पण नवरात्राची सातवी-आठवी माळ आली, की वर्कशॉपांच्या दारात फुलांची पोती येऊन पडतात आणि मशीनवर सोडायच्या कुलंटच्या आंबूस वासात झेंडूचा उग्र वास मिसळतो. आवडावं असं त्या वासात खरं तर काही नाही. तरी तो नाकात गेला की माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासायला लागतात, मधे काहीतरी अगदी बारीक धरून ठेवल्यासारखी.

ही खोड मला त्या एका नवरात्रानं लावली. सहा-सात वर्षं झाली त्याला.

मोजायची खोड मात्र त्याच्या आधीपासूनची. मी मूळची बेलापूरची. श्रीरामपूरला आयटीआयमध्ये टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवायच्या, वर्गात चोवीस पोरं आणि मी एकटी मुलगी. तिथं मायक्रोमीटर हातात आला आणि डोळ्यांना एक वेडच लागलं. पापड पाहिला की जाडी दिसते, दोरा पाहिला की व्यास. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा त्या कापडाचा पोत किती सुताचा असेल, हे मी मनात ठरवत होते. नवरा दुसऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. तो लोकांना सांगतो, "हिच्यासमोर चपाती लाटायची सोय नाही, एका बाजूला जाड झाली तर बाई रिजेक्ट करती."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, कारण तेव्हा रिजेक्ट करणं हेच माझं काम होतं. लग्नानंतर बोल्हेगावला राहायला आले आणि आप्पांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. आप्पा म्हणजे आमचे मालक. पांढरा लेंगा, वर बुशशर्ट, खिशात नेहमी एक टेस्टर आणि एक कंगवा. माणूस मनानं चांगला, पण सर्टिफिकेटवर 'टर्नर' वाचून त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी लेथवर केलेला माल मी मोजायचा, बरोबर असेल तर खोक्यात टाकायचा, चुकला असेल तर लाल डब्यात. मी विचारलं, "आप्पा, मला मशीन कधी देणार?" तर म्हणाले, "आगं, ओढणी गुतली, केस गुतलं, म्हंजी तुझ्या घरी मी काय सांगू?" मी ओढणी घेत नव्हते आणि केस टोपीखाली बांधत होते. तरी तीन वर्षं हेच उत्तर.

त्यातून खंडेनवमी आली की माझा राग दुप्पट व्हायचा. त्या दिवशी सगळी मशीनं पुसून-पासून, हार घालून सजवलेली असत, आणि आप्पा मोठ्यानं हाक मारत, "वंदना, ये गं, तू सवाष्ण हाईस, तूच कुकू लाव समद्यांना." मशीनला कुंकू लावायला बाई चालत होती, मशीन चालवायला चालत नव्हती. मी लावायचे, आणि लावताना मनातल्या मनात आप्पांना चार शब्द ऐकवायचे.

त्या वर्षी नवरात्र बसायच्या आठवडाभर आधी दूध काढायची मशीनं बनवणारा एक माणूस आप्पांकडे आला. त्या मशीनमध्ये हवा आत-बाहेर सोडणारी एक छोटी डबी असते, आणि तिच्यात हवा कमी-जास्त करणारी एक सुई. आठ दशांश मिलिमीटर जाडीची, पुढं निमुळती होत गेलेली. बाहेरून मागवलेली सुई वेळेवर मिळत नव्हती म्हणून त्याला ती इथंच करून हवी होती. नमुन्याला बारा सुया, दिवाळीच्या सुट्टीआधी. त्यानं नमुन्याची सुई टेबलावर ठेवली आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती उडाली. शेडमधले दोघं टर्नर आणि आप्पा गुडघ्यावर बसून ती शोधत होते. मला ती बसल्या जागेवरून दिसत होती. मी उठून ती चिमटीत उचलली आणि टेबलावर ठेवली.

दोन्ही टर्नरांनी हात वर केले. एवढ्या बारीक कामात डोळे घालायला कुणी तयार नव्हतं. तिसरे आमचे गायकवाडमामा. ते शेडमधले सगळ्यात जुने आणि सगळ्यात तरबेज, पण त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. त्यांनी सुई उजेडाकडे धरली. "पाव सूत," ते म्हणाले; सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. "पाव सुताची तार हाय ही. माजे डोळे असते तर सोडली नसती." मग म्हणाले, "आप्पा, या पोरीला द्या की."

आप्पा हसले. मग बघतात तर मामा हसत नव्हते. शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक छोटी लेथ पडून होती. आप्पांनी ती कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतली होती आणि तिला कधी काम मिळालं नव्हतं. दिवाळीनंतर ती जुन्या मशीनच्या दलालाला द्यायचं ठरलं होतं. आप्पा म्हणाले, "बरं. दिवाळीच्या सुट्टीआधी बारा सुया करून दावल्यास तर ती लेथ तुजी. आन् न्हाई झाल्या तर पुन्हा मशीन-मशीन करायचं न्हाई. दलाल लेथ घिऊन जाईल आन् तू गुमान तपासनी करायची. व्हय का?"

मी व्हय म्हटलं.

आता यात अडचण काय, ते सांगायला हवं. लेथमध्ये काम, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, फिरतं, आणि ते फिरायचं तर कुणीतरी घट्ट धरायला पाहिजे. जाड सळई असेल तर तीन जबड्यांचा चक तिला धरतो. पण ते तीन जबडे कितीही आवळले तरी मधे एक भोक उरतंच, आणि पाव सुताची तार त्या भोकातून खुशाल आरपार जाते. अशा बारीक मालासाठी कॉलेट लागतं. कॉलेट म्हणजे पोलादाचं, जाडजूड लवंगेसारखं दिसणारं एक नळकांडं. त्याला उभ्या चिरा पाडलेल्या असतात. वरून नट आवळला की त्या चिरा मिटतात आणि मधली तार सगळ्या बाजूंनी सारखी धरली जाते. त्या लेथबरोबर आलेली कॉलेटं मी ताडपत्रीखालून काढली, डिझेलमध्ये धुतली. सगळ्यात लहान कॉलेट एक मिलिमीटरपर्यंत मिटत होतं. मला आठ दशांश हवं होतं.

ऑक्टोबरचं ऊन अंगाची काहिली करत होतं. बाजऱ्या काढणीला आल्या होत्या. रस्त्यानं जाताना कणसं खुडणाऱ्या बाया दिसायच्या. पहाटे शेजारणी केडगावच्या देवीला अनवाणी चालत जायच्या, आणि दिवसा प्रत्येकीच्या अंगावर त्या-त्या दिवसाचा रंग असायचा. पॅकिंगमधल्या दोघी मला रोज विचारायच्या, "आज तू कोणत्या रंगात?" माझा नऊही दिवस एकच रंग होता, ग्रीसचा. मी नगरमधली हार्डवेअरची दुकानं पालथी घालत होते. कागदावर आता अहिल्यानगर लिहितात, पण रिक्षावाल्याला अजून नगरच सांगावं लागतं. एक दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं बारीक घेऊन काय शिवणार आहात?" दुसऱ्यानं कॉलेट म्हणून मला गॅसच्या शेगडीचा नोझल दाखवला. शेवटी एकानं पुण्याला फोन लावून दिला, आणि तिथल्या दुकानात 'एक ते अर्धा मिलिमीटर' असं कॉलेट असल्याचं कळलं. मी फोनवर त्यांना तीनदा विचारलं, "अर्धा? नक्की अर्धा?"

रात्री आईचा फोन आला की मी तिला याच गोष्टी सांगायचे. आई बेलापूरला चार गाईंचं दूध हातानं काढते. तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर इतकं सुजलंय की बांगडी भरायला तिला दुसऱ्याचा हात लागतो. मी म्हटलं, "आई, त्या मशीनची सुई मी करतेय." ती म्हणाली, "मशिनीला काय कळतंय गाय पान्हवली का न्हाई." मग म्हणाली, "पर केवढ्याला मिळतं गं ते?" आईनं आजवर अंगठा दुखतो असं एकदाही म्हटलेलं नाही.

कॉलेटचं पार्सल आलं ते बरोबर खंडेनवमीला सकाळी. तेलकट कागदात गुंडाळलेलं, करंगळीच्या पेराएवढं, निळसर चकाकणारं. माझा आनंद मावेना. पण खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं. त्या दिवशी त्याची पूजा. आप्पांनी मशीनपुढच्या पाटावर हातोडी, पाने, मायक्रोमीटर मांडले आणि मी मधोमध माझं कॉलेट ठेवलं. त्या वर्षी आप्पांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवायचं मी विसरूनच गेले. बाकीच्या हत्यारांना मी बोटभर हळदकुंकू लावलं, आणि कॉलेटला मात्र चांगली चिमूट भरून, दोनदा. वर फूल वाहिलं. डोळे मिटून म्हटलं, "एवढं होऊ दे."

गायकवाडमामा दरवर्षीप्रमाणे लांब उभे होते. ते बौद्ध. दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जाणारे. त्यांचा दसरा तो वेगळा. पूजेत ते नसत, पण आदल्या दिवशी सगळ्यात जास्त मशीनं तेच पुसत आणि नंतर पेढेही सगळ्यात जास्त तेच खात. माझ्याकडे बघून म्हणाले, "आगं पोरी, तेल दे तेल. कुकवावर काय बेरिंग फिरत न्हाई." मी हसले. ते थट्टा करत होते, आणि मीही ती थट्टाच समजले.

दसरा झाला. एकादशीला सकाळी मी फडक्यानं कॉलेट वरवर पुसलं. अगदी स्वच्छ नाही पुसलं, हे आता कबूल करते. पूजलेल्या वस्तूवरचं कुंकू आपण होऊन पुसायचं नाही, ते आपोआप झडू द्यायचं, हे आमच्या घरात लहानपणापासून अंगात भिनलेलं. वरची टिकली मी तशीच ठेवली. मामांनी शिकवल्याप्रमाणे आधी कॉलेट नटात बसवलं, टक्क आवाज आला, मग नट लेथवर चढवला, तार घातली आणि पान्यानं आवळला. तार हातानं ओढली तर सरळ बाहेर आली.

पुन्हा आवळला. पुन्हा बाहेर. पान्याला जोर देऊन तोंड लाल झालं. तार कशीबशी अडकली, पण लेथ सुरू केली तर तिचं टोक हवेत गोल फिरत होतं. असं डगमगणारं टोक निमुळतं होऊच शकत नाही. मामांनी बोटानं चाचपून पाहिलं. "मिटतच न्हाई हे," ते म्हणाले. "पार मिटत न्हाई. नकली दिलंय तुला."

पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, फोटो पाठवा. मी पाठवला. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला आणि तो हसत होता. "मॅडम, यावर हळदकुंकू दिसतंय. पूजा झालेला माल आम्ही परत कसा घ्यायचा?" मला इतका संताप आला की मी फोनच कट केला. खरं तर त्या माणसानं मला उत्तर सांगितलं होतं. पण रागावलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, आणि मला तर मुळातच कमी येतं असं सासूबाई म्हणतात.

पुढचे दहा-बारा दिवस मी काय काय केलं ते आठवलं की आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मामांनी विड्यांच्या बंडलाचा पातळ कागद तारेभोवती गुंडाळून दिला; तार घट्ट बसली, पण मधोमध बसेना. पितळेच्या सळईला भोक पाडून, तिला करवतीनं चिरून घरचंच कॉलेट करावं, अशी एक जुनी युक्ती आहे. ती केली, तर आठ दशांशाचं ड्रिल आतच मोडलं. दुसरं आणलं, तेही मोडलं. तपासणीचा माल साठत चालला होता. जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता त्या लेथपाशी बसायचे. दोघं टर्नर येता-जाता विचारायचे, "काय मग वंदनाताई, किती झाल्या?" एकही झाली नव्हती. एकदा दलाल येऊन लेथ बघून गेला. त्यानं तिच्या बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी पाटावर, बोट फिरवलं तेव्हा माझ्याच घरात शिरून कुणी भांडी हाताळतंय असं मला वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. मशीन जाणार म्हणून नाही. आप्पांचं म्हणणं खरं ठरणार म्हणून.

माणसाला हवी असलेली गोष्ट फार मोठी असते असं मला लहानपणी वाटायचं. बंगला, गाडी, परदेश. मला जे हवं होतं ते दोन दशांश मिलिमीटर होतं. एक मिलिमीटरवर अडून बसलेल्या पोलादानं आणखी केसभर मिटावं, एवढंच. बाकी सगळं माझ्याजवळ होतं.

कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत उदावंतकाका म्हणून एक सोनार आहेत. त्यांचं दुकान नाही, नुसती बसायची जागा: एक पाट, एक दिवा आणि भिंतीला टेकून ठेवलेली ऐरण. मामा म्हणाले, "सोनाराकडं बारीक तार धरायचा हातचिमटा असतोय, इचारून बघ." सुट्टीला चार दिवस उरले असताना मी त्यांच्याकडे गेले. दिवाळीच्या घाईत काकांना मान वर करायला फुरसत नव्हती. मी कॉलेट पाटावर ठेवलं आणि म्हटलं, "काका, याच्यासारखं धरणारं काही आहे का तुमच्याकडे? हे धरत नाही."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. कॉलेट उलटसुलट फिरवलं. आणि विचारलं, "हे काय आहे? तुमच्याकडच्या देवीचा टाक आहे का?"

"नाही हो. लेथचा पार्ट आहे."

"मग याच्या चिरांत कुंकू कसं बसलंय?"

मी म्हटलं, "कुठं?" त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. वरून त्या चिरा काळ्या दिसत होत्या, तेल लागलेल्या पोलादाच्या असतात तशाच. भिंगातून पाहिलं तर ते काळं नव्हतं. तांबूस काळं होतं. कॉलेटच्या तेलात माझं हळदकुंकू भिजलं होतं, चार बाजूंच्या चिरांत उतरलं होतं आणि दोन दिवसांत वाळून लाखेसारखं टणक झालं होतं. चिरा भरलेल्या. मग ते मिटणार कसं? आणि वरून मी पान्यानं आवळून आवळून ते आणखी ठासत होते.

इतके दिवस मी पुण्याच्या माणसाला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, नशिबाला दिल्या. आणि पकड बुजवली होती माझ्याच चिमटीनं.

काका मात्र अगदी सहज होते. "दर नवरात्रानंतर बायका टाक घेऊन येतात," ते म्हणाले. "देवीचं नाक-डोळं सगळं भरून गेलेलं असतं. कुठली देवी तेही ओळखू येत नाही." त्यांनी रिठ्याचं पाणी गरम करायला ठेवलं. कॉलेट त्यात सोडायच्या आधी माझा चेहरा पाहून थांबले. "काय झालं?"

मी म्हटलं, "पूजेचं कुंकू आहे, काका. पुसायचं म्हणजे..."

"कुंकू पुसत नाही ताई मी," ते म्हणाले. "देवीचे डोळे उघडतो. तीस वर्षं तेच करतोय, अजून एकदाही रागावलेली नाही."

पाणी उकळलं तसं तांबडं झालं. काकांनी जुन्या ब्रशानं कॉलेट घासलं, मग पैंजणाची एक बारीक तार घेऊन एकेका चिरेतून ओवून काढली. प्रत्येक वेळी तारेवर तांबडा कीस निघत होता. शेवटी कॉलेट दिव्यापुढं धरलं, तर चिरांतून उजेड आरपार दिसला. त्यांनी दोन बोटांत ते हलकेच दाबलं आणि ते दबलं. मी काकांच्या पाया पडले. ते म्हणाले, "अहो, एवढं काय, टाकसुद्धा नव्हता तो."

दुसऱ्या दिवशी मी आधी आप्पांकडे गेले. न सांगता काम करून टाकावं, असं रात्रभर मनात आलं होतं. सांगितलं तर ते म्हणतील, बाईमाणसाच्या हाती हत्यार दिलं की असंच व्हायचं. पण तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल डब्यात टाकल्या होत्या. स्वतःची खिशात घालता येईना. मी सगळं सांगितलं. चिमूटभर, दोनदा, हेही सांगितलं.

आप्पांनी कॉलेट हातात घेऊन उलटसुलट फिरवलं. मग म्हणाले, "आगं, मी बी तितंच हात जोडून हुभा हुतो की. मला तरी कुटं दिसलं?" आणि लगेच, "तीन दिस हायेत. लाग कामाला."

टक्क आवाज आला. नट आवळला. तार ओढली, हलली नाही. लेथ सुरू केली आणि टोक असं स्थिर उभं राहिलं की फिरतंय की नाही ते कळेना. मी मशीन बंद करून खात्री केली. मग उगाचच पुन्हा सुरू केलं, नुसतं ते बघायला. मागून मामा म्हणाले, "नाटक बघत बसू नगं. टूल लावशील तर वाकंल. तार नखाएवढीच भाईर ठेव, आन् तेलदगड लाव." पाव सुताच्या तारेला हत्याराचा धक्का सहन होत नाही. तिला बारीक दगड टेकवायचा आणि फिरता-फिरता झिजू द्यायचं. किती दाबायचं हे सांगता येत नाही, बोटाला कळावं लागतं. पहिल्या पाच तारा वाकल्या. सहावी वाकली नाही.

त्या तीन दिवसांइतकं सुख मला नोकरीत कधी मिळालेलं नाही. बाहेर सुट्टीचे वेध लागले होते, पॅकिंगमधल्या दोघी फराळाच्या गोष्टी बोलत होत्या, कुणाच्या तरी मोबाईलवर गाणी चालू होती. माझ्या कानात फक्त दगडाची बारीक सर्रसर्र होती. डोळे भरून यायचे ते ताणानंही आणि आनंदानंही. मी बाहीनं पुसायचे आणि पुढची तार घालायचे. मशीन चालवणं म्हणजे ताकद, असं आप्पांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षं ऐकून ऐकून मलाही थोडं तसंच वाटायला लागलं होतं. त्या दिवसांत कळलं की धरणं म्हणजे आवळणं नव्हे. आवळून मी दहा-बारा दिवस घालवले होते. सगळ्या बाजूंनी सारखं मिटावं लागतं, आणि मिटायला मधे जागा मोकळी असावी लागते. कॉलेटचं जाऊ द्या, मनाचंही तसंच असतं, असं मी नवऱ्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "आता जेव."

सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या बारा सुया डब्याच्या झाकणात ओळीनं ठेवल्या. प्रत्येक कामाबरोबर एक कार्ड असतं. त्यावर करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. मी सवयीनं पेन तपासणाऱ्याच्या रकान्याकडे नेलं आणि थांबले. मग वरच्या रकान्यात सही केली. खालचा रकाना मोकळा. आप्पा आले, म्हणाले, "ज्यानं केलं त्यानंच तपासायचं न्हाई. गायकवाड, तुमी बघा."

मामा माझ्या खुर्चीवर बसले. खिशातला चष्मा काढला, त्यावर दुसरा चष्मा धरला आणि माझा मायक्रोमीटर हातात घेतला. तीन वर्षांत या माणसाचे किती जॉब मी लाल डब्यात टाकले असतील. दोघं टर्नर काम सोडून येऊन उभे राहिले. आप्पांचा कंगवा खिशातून बाहेर आला आणि तसाच हातात राहिला. मामा एकेक सुई उचलत होते, मोजत होते, नमुन्याशेजारी धरून उजेडात बघत होते आणि डावीकडे ठेवत होते. एक. दोन. सात. दहा.

अकरावी त्यांनी दोनदा मोजली. पुन्हा उजेडाकडे धरली. मग हात लांब केला आणि ती लाल डब्यात टाकली.

"टोक जाड हाय," ते म्हणाले. "ही चालायची न्हाई."

मला वाटलं, गेलं. आणि त्याच क्षणी मला हसू फुटलं, असं की आवरेना. माझा जॉब रिजेक्ट झाला होता! तपासणाऱ्याचा कधी जॉब रिजेक्ट होत नाही. तो फक्त मशीनवरच्या माणसाचा होतो.

आप्पांनी लाल डब्यात डोकावून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग कंगवा खिशात घालत म्हणाले, "हसती काय? जा, दुसरी कर. मशीन तुजंच हाय."